विंडोज ११ चं अपग्रेड शेवटपर्यंत जाऊन परत का फिरतं? अडकलेलं मशीन सोडवायचं कसं?

नांदेड-लातूर रस्त्यावरचं लोहा. तहसील कार्यालय, बाजार समिती, आणि आजूबाजूला सोनखेड, माळाकोळीपासून येणारी माणसं. अशा तालुक्याच्या गावात ऑनलाइन सेंटर म्हणजे अर्धं सरकारच. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पीएम किसानची ई-केवायसी, लाडकी बहीणची ई-केवायसी, बारावीचे फॉर्म, सगळं त्या एका टेबलावरच्या एका कॉम्प्युटरवरून जातं.

आता समजा, अशाच एका सेंटरवाल्याने रात्री दुकान बंद करताना विंडोज ११ च्या अपग्रेडचं बटण दाबलं. सकाळपर्यंत होऊन जाईल असा हिशोब. सकाळी शटर उघडलं तर स्क्रीनवर ओळ, ‘अनडूइंग चेंजेस मेड टू युवर कॉम्प्युटर’. म्हणजे केलेले बदल मागे घेतोय. अर्ध्या तासाने जुनं विंडोज १० परत हजर, आणि एका चौकटीत एक विचित्र आकडा. बाहेर सात-आठ जण आधार कार्ड हातात धरून उभे. सेंटरवाला पुन्हा तेच बटण दाबतो. दुपारी पुन्हा तेच.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण अपग्रेड फसलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. आणि त्यातली खरी चूक पहिल्यांदा बटण दाबणं ही नाही. तो विचित्र आकडा न वाचता दुसऱ्यांदा बटण दाबणं, ही आहे.

पण अपग्रेड करायचंच कशाला?

कारण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार काढून घेतला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टीम दहा वर्षं चालली. आधार संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. तो चालतोच. फक्त नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी फुकटात बुजवल्या जाणं थांबलं. घरी गाणी ऐकायच्या मशीनला हे चालून जाईल. पण ज्या मशीनवर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि अंगठे येतात, तिथे हा विषय वेगळा.

ज्यांना लगेच जमणार नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदतवाढही जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घरगुती मशीनला मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी होते. अपग्रेड फसलं म्हणून घाबरून त्याच दिवशी मशीन फॉरमॅट करायला नेणाऱ्यांनी ही मुदतवाढ आधी आठवावी. हिच्यामुळे शांतपणे दुरुस्ती करायला वेळ मिळतो.

आधी हे बघा: मशीन पात्र तरी आहे का?

विंडोज ११ च्या अटी कडक आहेत. ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय पद्धतीचं बूट, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.०. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० पासून पुढचा. इंटेलची आठवी पिढी २०१७ ला आली. म्हणजे त्याआधीचं मशीन कितीही चांगलं चालत असलं तरी यादीत बसत नाही. या अटीवर जगभर बरीच टीका झाली आणि ती रास्तच होती. रोज मुकाट काम करणारं मशीन कागदावर म्हातारं ठरवायचं, हे कोणालाच पटणारं नाही.

तपासायला मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप आहे. ते एकेक अट बरोबर की चूक ते दाखवतं. आकडा ०एक्ससी१९००२०० असा आला असेल (स्क्रीनवर तो इंग्रजी अक्षरांत दिसतो) तर त्याचा अर्थच ‘मशीन किमान अटींत बसत नाही’ असा आहे.

आता गंमत इथे आहे. पुष्कळ मशीन पात्र असूनही ‘टीपीएम नाही’ असा शेरा मिळतो. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी. कधी ती वेगळी चिप असते, तर कधी प्रोसेसरच्या आतच असते. इंटेलमध्ये तिला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम. असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये ती बायोसमध्ये बंदच ठेवलेली असू शकते. म्हणजे वस्तू घरात आहे, फक्त कपाटात आहे. बायोसमध्ये जाऊन ती चालू केली की शेरा बदलतो. पण ड्राइव्हला बिटलॉकर लावलेलं असेल तर आधी ते थांबवा किंवा त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. तिजोरी बदलली की विंडोज ती किल्ली मागतं, आणि ती नसेल तर डेटा कायमचा आत अडकतो.

दुसरा गोंधळ लेगसी बूटचा. स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडलं की बायोस मोड दिसतो. तिथे ‘लेगसी’ लिहिलं असेल तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. यूट्यूब बघून बरेच जण सरळ बायोसमध्ये जातात, लेगसी बंद करून यूईएफआय चालू करतात, आणि मग मशीन सुरूच होत नाही. क्रम उलटा झाला. आधी डिस्क जीपीटी पद्धतीत बदलायची, मगच बायोस. त्यासाठी विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता रूपांतर करतं. आधी त्याची तपासणीची आज्ञा चालवावी, ती पास झाली तरच रूपांतराची. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. आणि ज्यांनी लेगसी आधीच बंद करून बसलेत, त्यांनी घाबरू नये. बायोसमध्ये जाऊन ते पूर्वीसारखं केलं की मशीन बहुतेक वेळा जसंच्या तसं सुरू होतं.

आणखी एक. ४ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या जुन्या मशीनवर कधीकाळी कोणीतरी ३२ बिट विंडोज १० टाकून दिलेलं असतं. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. ३२ वरून ६४ वर अपग्रेड होतच नाही, कितीही वेळा बटण दाबा. तिथे डेटा बाजूला काढून नव्यानेच विंडोज टाकावं लागतं.

अपग्रेड म्हणजे आत नेमकं काय होतं?

हे समजलं की तो विचित्र आकडा आपोआप बोलायला लागतो.

नवीन घर बांधून जुन्यातलं सामान हलवायचं असेल तर आपण काय करतो? तसंच इथे होतं, चार टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात जुनं विंडोज चालूच असतं. फाइल उतरतात, जागा आणि अडथळे तपासले जातात. याला डाऊनलेव्हल म्हणतात. मग मशीन रीस्टार्ट होतं आणि एका छोट्या तात्पुरत्या सिस्टीममध्ये जातं, तो सेफ ओएस टप्पा. इथे जुनं विंडोज उचलून ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं जातं आणि नवीन त्याच्या जागी मांडलं जातं. तिसऱ्या टप्प्यात नवीन विंडोज पहिल्यांदा डोळे उघडतं आणि ड्रायव्हर ओळखतं. चौथ्यात तुमची खाती, सेटिंग, सामान लागतं.

यातल्या कुठल्याही पायरीवर पाय घसरला की सेटअप सगळं सामान परत जुन्या घरात नेऊन ठेवतो. म्हणजे ‘बदल मागे घेतोय’ ही ओळ वाईट बातमी वाटते, पण ती खरं तर सुरक्षा व्यवस्था आहे. तिच्यामुळेच सकाळी विंडोज १० परत मिळालं. त्या वेळी चिडून पॉवरचं बटण दाबून ठेवणं, यासारखा दुसरा धोका नाही.

आता आकडा. तो दोन भागांत येतो, उदाहरणार्थ ०एक्ससी१९००१०१ आणि पुढे ०एक्स२०००सी. पहिला भाग सांगतो काय झालं. दुसरा सांगतो कुठे झालं. दुसऱ्या भागात ‘०एक्स’ नंतरचा पहिला अंक म्हणजे टप्पा: १ डाऊनलेव्हल, २ सेफ ओएस, ३ पहिलं बूट, ४ दुसरं बूट. शेवटची दोन अक्षरं म्हणजे त्या टप्प्यातलं काम: ०सी म्हणजे नवीन विंडोज मांडताना, ०डी म्हणजे डेटा हलवताना, १७ म्हणजे बूट होताना. एवढं कळलं तरी निम्मा शोध संपला. ‘९० टक्क्यांवर अडकतं’ असं दुरुस्तीवाल्याला सांगून त्याला काहीच कळत नाही. आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून दाखवला तर लगेच कळतं.

सगळ्यात जास्त दिसणारा आकडा

०एक्ससी१९००१०१ हा त्या घराण्याचा म्होरक्या. मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार यामागे बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, ग्राफिक कार्ड, अंगठ्याचं मशीन अशा वस्तूंशी विंडोजला बोलता यावं म्हणून टाकलेला दुभाषी. हे दुभाषी सिस्टीमच्या अगदी आतल्या खोलीत बसतात. त्यातला एक जरी चुकला तरी सगळं घर बसतं. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तिथेही बिघाड याच आतल्या खोलीतला होता.

लोह्यासारख्या गावातल्या सेंटरच्या मशीनला तर वस्तू किती लटकलेल्या! अंगठ्याचं मशीन, डोळ्याची बाहुली टिपणारं यंत्र, वेबकॅम, डिजिटल सहीचं टोकन, पासबुक प्रिंटर, लेझर प्रिंटर, लॅमिनेशनच्या शेजारी पडलेला स्कॅनर. कॉम्प्युटर दोन वेळा बदलला तरी जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र तसाच आत बसून असतो, कारण ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’. म्हणून पहिला उपाय फुकटातला आणि सगळ्यात गुणकारी: माउस, कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून बाकी सगळ्या वायरी काढा. पेन ड्राइव्हसुद्धा. दुसरा, वेगळा अँटिव्हायरस टाकला असेल तर तो फक्त बंद न करता काढूनच टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तोपर्यंत राखण करतो. तिसरा, ज्या वस्तू आता वापरातच नाहीत त्यांचे ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनेलमधून काढा. आकड्याच्या शेवटी ०एक्स३०००डी असेल तर डिस्प्लेच्या ड्रायव्हरवर पहिला संशय घ्या आणि तो लॅपटॉप किंवा ग्राफिक कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा टाका. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाने जाहिरातीत दिसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. त्यातली बरीच आणखी कचरा घालतात.

एवढं करूनही अडलं तर अंदाज सोडा आणि नोंदवही वाचा. सी ड्राइव्हमध्ये लपलेल्या फाइल दिसतील असं सेटिंग केलं की ‘डॉलर विंडोज डॉट टिल्ड बीटी’ असं चमत्कारिक नावाचं फोल्डर दिसतं. त्यात सोर्सेस, त्यात पॅन्थर. सेटअपने कुठल्या मिनिटाला काय केलं ते सगळं इथे लिहिलेलं असतं. हजारो ओळी वाचायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’ नावाचं फुकट साधन त्या ओळी वाचून निष्कर्ष काढून देतं, कधी कधी थेट दोषी ड्रायव्हरच्या नावासकट. याच फोल्डरमध्ये ‘कॉम्पॅट’ने सुरू होणाऱ्या फाइल असतात. त्यात ‘ब्लॉक मायग्रेशन’पुढे ‘ट्रू’ लिहिलेलं सापडलं की त्या ओळीतला ड्रायव्हर वाट अडवून बसलाय असं समजावं.

०एक्ससी१९००२०८ आला तर ड्रायव्हर नाही, एखादा प्रोग्रॅम आडवा आलाय. जुना अँटिव्हायरस किंवा जुनं व्हीपीएन यांच्यावर नजर टाका.

जागा, इंटरनेट आणि लाईट

०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे हवेत. सेंटरच्या मशीनमध्ये डाऊनलोड्सचं फोल्डर उघडा, तिथे गावातल्या निम्म्या लोकांच्या सातबाऱ्याच्या पीडीएफ निघतील. (त्या तशाच वर्षानुवर्षं पडू देणं हा वेगळाच विषय आहे. दुसऱ्याच्या आधारची प्रत आपल्या मशीनवर ठेवायचं काही कारण नाही.)

पण कधीकधी सी ड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही जागेची तक्रार येते. ती असते लपलेल्या छोट्या पार्टिशनची, जिथे बूटच्या फाइल राहतात आणि जे जेमतेम १०० एमबीचं असू शकतं. ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असा संदेश आला तर हाच रोग. जानेवारी २०२४ मध्ये असाच एक प्रकार जगभर गाजला. विंडोज १० चं एक सुरक्षा अपडेट लोकांच्या मशीनवर पुन्हा पुन्हा फसत राहिलं, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती अनेकांकडे नव्हती. तेव्हाही लोक आपल्याच इंटरनेटला दोष देत बसले होते. पार्टिशन लहान-मोठं करण्याचं हे काम मात्र माहितगाराकडूनच करून घ्यावं.

इंटरनेटचं म्हणाल, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपग्रेड उतरवत बसू नये. विंडोजची पूर्ण आयएसओ फाइल ५ जीबीच्या वर असते. तुटत तुटत उतरलेली फाइल खराब निघते आणि मग ०एक्स८००७३७१२ सारखे आकडे येतात, म्हणजे आतल्या फाइल गहाळ किंवा मोडलेल्या. त्यापेक्षा चांगल्या वायफायवर एकदाच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ किंवा मीडिया क्रिएशन टूल घ्यावं, किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ठेवावं आणि गावातल्या चार मशीनना तेच वापरावं. फाइल आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून त्यावर डबल क्लिक केलं की आतला ‘सेटअप’ दिसतो. तो चालवला की अपग्रेड सुरू होतं, पेन ड्राइव्ह काढून ठेवता येतो, आणि अपडेट नंतर घेण्याचा पर्यायही सुरुवातीलाच मिळतो.

विंडोज १० च्या स्वतःच्याच फाइल मोडल्या असतील तर त्याचा उपायही विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून आधी ‘डीआयएसएम’ची रिस्टोअर हेल्थ आज्ञा, मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’. क्रम हाच ठेवा, कारण दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून चांगल्या फाइल आणते तो साठाच पहिली आज्ञा दुरुस्त करते. इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. स्वस्तात मिळालेलं, ‘हलकं’ केलेलं, अपडेट कायमचं बंद केलेलं विंडोज मशीनमध्ये असेल तर त्यातले अवयवच कापलेले असतात. त्यावर या आज्ञाही हात टेकतात. ते मशीन अपग्रेड करण्यात दिवस घालवू नये, स्वच्छ विंडोजच टाकावं.

आणि लाईट. डेस्कटॉपला बॅटरी नसते आणि यूपीएसची बॅटरी कधी मेली ते कुणालाच आठवत नाही. एप्रिल-मेमध्ये वारं सुटलं की लाईट गेलीच. सेफ ओएस टप्प्यात फाइल हलत असताना वीज गेली तर सेटअप पुढच्या वेळी मागे फिरण्याचा प्रयत्न करतो आणि बऱ्याचदा फिरतोही. पण जुन्या हार्ड डिस्कवर त्याच क्षणी लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टीम मोडू शकते. म्हणून अपग्रेडची वेळ आधी इन्व्हर्टर बघून ठरवा, आणि पीक विम्याची मुदत संपायच्या आठवड्यात तर अजिबात नको.

मशीन सुरूच होत नसेल तर?

आधी डेटा, मग दुरुस्ती. विंडोज सुरू होताना दोन-तीनदा मध्येच बंद पडलं की पुढच्या वेळी ते आपणहून निळ्या रिकव्हरी स्क्रीनवर जातं. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. स्टार्टअप रिपेअर एकदा करून पाहावं. ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये शेवटचं मोठं अपडेट काढण्याचा पर्यायही असतो.

तिथेच कमांड प्रॉम्प्ट आहे, आणि त्यात ‘नोटपॅड’ एवढंच टाइप केलं तर नोटपॅड उघडतं. त्याचं काय करायचं? फाइल, ओपन, आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. एक छोटंसं एक्सप्लोररच हातात येतं! पेन ड्राइव्ह लावून महत्त्वाची फोल्डरं तिथूनच कॉपी-पेस्ट करता येतात. टॅलीचा डेटा, मुलीच्या लग्नाचे फोटो, डेस्कटॉपवरच्या एक्सेल, सगळं. फॉरमॅट करायला मशीन नांदेडला नेण्याआधी ही दहा मिनिटं जरूर द्या. ‘माझा डेटा डी ड्राइव्हला आहे, त्याला काही होत नाही’ या भरवशावर राहू नका. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

डिस्कचंच नाव निघालं म्हणून, अपग्रेड दर वेळी वेगळ्या आकड्याने फसत असेल, मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं लागत असतील, तर दोष विंडोजचा नाही. डिस्क मरायला टेकली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर तिची तब्येत सांगतं. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर अपग्रेडचा नाद सोडून डेटा उचला आणि एसएसडी बसवा. जुन्या मशीनवर करण्यासारखा याहून चांगला खर्च नाही.

मराठी टायपिंगवाल्यांचं काय?

हा प्रश्न इंग्रजी मदतपानांवर कधी सापडत नाही, आणि आपल्याकडे नेमका तोच आधी येतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, अर्ज, प्रतिज्ञापत्रं करणाऱ्या दुकानांत अजूनही पेजमेकर, जुनं कोरल ड्रॉ, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम यांचं राज्य आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. यातल्या काही पॅकेजना यूएसबीचं कुलूप लागतं, आणि त्या कुलपाला जुना ड्रायव्हर. अपग्रेडमध्ये आडवा येणाऱ्या ड्रायव्हरांत तो असू शकतो. आणि अपग्रेड पार पडलं तरी विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण जुने ड्रायव्हर चालू देत नाही. मग दुकानदाराला वाटतं कुलूपच जळालं. जळालेलं नसतं. आधी कुलपाच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकून पाहावा. मेमरी इंटिग्रिटी बंद करणं हा अगदी शेवटचा मार्ग, आणि ज्या मशीनवर बँकेचं काम होतं तिथे तर तोही नको.

अपग्रेडनंतर जुन्या पत्रिकेची फाइल उघडली आणि अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसला तरी फाइल खराब झालेली नाही. हे फॉन्ट युनिकोड नाहीत. आत इंग्रजी चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर जागेवर येतो. म्हणून अपग्रेडच्या आधी फॉन्टचं फोल्डर आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा क्रमांक वेगळा ठेवावा.

डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांना वेगळीच धास्ती असते, सही उडाली तर? सही कॉम्प्युटरमध्ये नसते, टोकनमध्ये असते. अपग्रेडनंतर टोकनचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागेल एवढंच. फक्त त्यातलं ‘इनिशियलाइझ’ नावाचं बटण दाबू नका. त्याने टोकन कोरं होतं आणि सही नव्याने विकत घ्यावी लागते.

अटींना बगल देणारे व्हिडिओ

रजिस्ट्रीत बदल करून किंवा रुफस नावाच्या साधनाने पेन ड्राइव्ह बनवून अपात्र मशीनवरही विंडोज ११ टाकता येतं, हे खरं आहे. पण अशा मशीनना अपडेट मिळण्याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगतं, आणि वर्षाचं मोठं अपडेट आलं की ते सहसा आपणहून येत नाही, पुन्हा तोच खटाटोप करावा लागतो. फार जुन्या प्रोसेसरवर तर २०२४ मधल्या आवृत्तीपासून विंडोज ११ सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरला येतच नाही. घरच्या फालतू मशीनवर प्रयोग म्हणून ठीक. लोकांचे अंगठे घेणाऱ्या मशीनवर मुदतवाढ घ्यावी आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या मशीनची तजवीज करावी. लिनक्स हाही पर्याय आहे, पण आधी आपल्या अंगठ्याच्या मशीनचं आणि टोकनचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते कंपनीला विचारून घ्यावं.

अपग्रेड एकदाचं पार पडलं, की जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये दहा दिवस तसंच राहतं. तेवढ्या दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून ‘गो बॅक’ करता येतं. म्हणून जागा खातंय म्हणून ते फोल्डर पहिल्याच दिवशी उडवू नका. त्या दहा दिवसांत काढून ठेवलेल्या वस्तू एकेक करून लावा, एका दिवशी एकच. आज अंगठ्याचं मशीन, उद्या पासबुक प्रिंटर, परवा टोकन. ज्या दिवशी गडबड होईल, त्या दिवशी लावलेली वस्तूच दोषी.